यादीत नसलेला तिसरा मजला

"तिसरो मजलो खंय गेलो?" द्वारकाबाईंनी यादीवर बोट ठेवून विचारलं.

परळच्या निवडणूक कचेरीत मी क्लार्क होतो. संयुक्त महाराष्ट्राची चळवळ ऐन भरात होती. द्वारकाबाई लालबागच्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर राहायच्या आणि मिलमध्ये वाइंडिंगला, म्हणजे सूत गुंडाळायच्या खात्यात होत्या. पाळी सुटल्यावर तशाच आल्या होत्या. छापील मतदारयादीत त्यांच्या चाळीचा तळमजला होता, पहिला होता, दुसरा होता. पुढे एकदम शेजारची चाळ.

छापखान्याची चूक असेल म्हणून मी हाताने लिहिलेलं रजिस्टर काढलं. तिसऱ्या मजल्यासमोर माझ्याच अक्षरात होतं, 'सर्व खोल्या बंद.' मग आठवलं. घरोघर नावं लिहिताना ती त्या दिवशीची सहावी चाळ होती. "वर सगळे पाळीवर गेलेत," असं दुसऱ्या मजल्यावर कुणीतरी म्हणालं. मी वर चढलोच नव्हतो.

"झील माझो गोळीबारात गेलो," बाई मुलाबद्दल म्हणाल्या. "माका मत देवचा हा."

मी साहेबांकडे गेलो.

"हरकतींची मुदत संपली," ते म्हणाले. "आता कशाला उकरता?"

"चूक माझी आहे, साहेब."

"लेखी द्याल?"

"देतो."

साहेबांनी चष्मा काढला. "उमेदवारी अर्जांच्या शेवटच्या तारखेपर्यंत नावं घालता येतात. पण दर माणशी वेगळा अर्ज, वेगळी सही. चार दिवस आहेत. कचेरीचं काम सांभाळून करा."

चारही दिवस पहाटे पाळीच्या आधी आणि संध्याकाळी मी तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत फॉर्म भरत बसलो. कुणाचा अंगठा, कुणाची सही. बायका 'अमक्याची बायको' एवढंच सांगायच्या. तसं नाव चालत नसे, म्हणून प्रत्येकीची समजूत काढायची. द्वारकाबाई दारोदार फिरून माणसं आणत होत्या. तीन बिऱ्हाडं लग्नाला कोकणात गेली होती, ती राहिलीच. बाकीची नावं पुरवणी यादीत लागली. मला मेमो मिळाला आणि बढती लांबली.

तेव्हा प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी असे. आमच्या मतदारसंघात चळवळीचा उमेदवार इतक्या मतांनी आला, की तिसरा मजला नसता तरी काही अडलं नसतं.

"एवढी यातायात कशाला केलीत?" साहेबांनी विचारलं. मी पुरवणी यादी फाइलला लावली.

मतदानाच्या दिवशी द्वारकाबाई शाळेच्या फाटकाशी भेटल्या होत्या. "आता मुंबय आपल्याक गावतली मा?"

"हो," मी म्हणालो. मुंबई मिळायला पुढे तीन वर्षं गेली.

राज्य झाल्यावर यादी पुन्हा तपासायला गेलो, तेव्हा त्यांच्या खोलीत दुसरं बिऱ्हाड होतं. नाव खोडताना कारण लिहावं लागतं, मयत किंवा स्थलांतरित. मी चार घरी विचारलं. बाई गावी राहायला गेल्या होत्या. 'स्थलांतरित' लिहिलं.

नाव घालायला माणूस समोर लागतो. खोडायला कुणीच लागत नाही, म्हणून तिथे जास्त विचारावं.