सरळ भिंतींची कबर

ही माझी धाकटी बहीण. सख्खी. कबरी खोदते. हसायचं तर आत्ताच हसून घ्या, तिच्यासमोर हसलेला माणूस दुसऱ्यांदा हसलेला मी पाहिला नाही.

आमच्या चर्चच्या अख्ख्या मंडळीत तिच्यासारखा खड्डा कोणी काढून दाखवावा. कोपरे काटकोनात, भिंती सरळसोट, विटांनी बांधल्यासारख्या. बाप हेच काम करायचा, पण त्याच्या भिंती पोट काढायच्या. हिच्या नाही. आणि फावडं धरायला तिला मी शिकवलं, हेही कुठेतरी लिहून ठेवायला हवं.

बेकरीवाल्याच्या आईची कबर खणली तेव्हा तळाला काळं पाणी लागलं. वास असा की डोळे चुरचुरले. पेटी उतरवली, पाणी झाकणावर चढलं आणि बेकरीवाला लेकरासारखा रडला. कबरस्तानामागच्या नाल्यात कारखान्याचे टँकर रिकामे होतात, हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्या दिवशी ते पाणी म्हातारीच्या अंगाखाली आलं.

पुढच्या उपासनेत पाळकसाहेब म्हणाले, "देवानं पहिल्या माणसाला बाग राखायला दिली. आपल्या वाट्याला नाला आलाय. नाला राखू."

तेव्हापासून शनिवारी संध्याकाळी मंडळी नाल्यावर. गाळ उपसायचा, काठावर घरटी एक झाड लावायचं, भोवती फळ्यांचं कुंपण. टँकर यायचा, झाडं चिरडायचा, पाइप सोडायचा, जायचा. मंडळी पुन्हा लावायची.

"असं किती वेळा लावायचं?" तिनं पाळकसाहेबांना विचारलं.

"तो जितक्या वेळा तुडवेल तितक्या वेळा."

"तो चाकानं तुडवतो, साहेब. आपण गुडघ्यावर बसून लावतो. गुडघे आधी संपतील."

एका शनिवारी दुपारी मंडळी देवळात गाण्याच्या तालमीला बसलेली. ही एकटीच गेली आणि टँकरच्या वाटेत आडवा खड्डा खणला. टँकर अडावा, एवढंच मनात. पण हाताला सवय ती सवय. माणसाच्या मापाचा, छातीएवढा खोल, भिंती सरळसोट. चर खणायला गेली आणि कबर खणून बसली.

टँकर थांबला. ड्रायव्हर उतरला, हातात चाकं खोलायची लोखंडी टॉमी.

"कोणासाठी ग हा?"

"तुझ्या टँकरसाठी. मागं फिर, दादा."

दादा म्हटलेल्या माणसानं टॉमी तिच्या जबड्यावर हाणली. हाड मोडल्याचा आवाज तिला कानाच्या आतून आला. ती पडली, उठली, फावड्याचं पातं त्याच्या कानफटात बसवलं. त्यानं पोटात लाथ घातली, मग बरगड्यांत. ती उठेना तेव्हा त्यानं झाडांभोवतीच्या फळ्या उपटल्या, खड्ड्यावर टाकल्या आणि टँकर पुढे काढला. तोंडानं शिव्या, दार उघडं, अर्धं अंग बाहेर. ती फुटभर लोळली म्हणून वाचली.

फळ्या काडीसारख्या मोडल्या. उतार असता तर चाक नुसतं रुतलं असतं. सरळ भिंतीवरून ते थेट तळाला गेलं, टँकर कलला आणि ड्रायव्हर दारातून खड्ड्यात पडला. पाय चाकाखाली. पाइप फुटला, काळं पाणी धो धो त्याच्यावर.

धडाम ऐकून मंडळी धावत आली. मी त्या दिवशी कामावर होतो, नाहीतर टँकर मीच उचलला असता. गायनमास्तरानं तिचं तोंड पाहिलं आणि पडलेली टॉमी उचलली. सकाळी मुंगीला ओलांडून जाणारा माणूस. त्यानं ड्रायव्हरच्या कपाळावर घाव घातला. बेकरीवाला फावड्यानं माती लोटायला लागला.

"गाडा इथंच. माझी आई भिजली याच पाण्यात."

टॉमी पुन्हा वर गेली, तशी बहीण कशीबशी उठली आणि तिनं फावड्याचा दांडा मास्तराच्या मनगटावर मारला. चांगला मारला. मास्तर मटकन बसला.

"कबर माझी आहे," ती म्हणाली. शब्दांबरोबर रक्त येत होतं. "हिच्यात मेलेलाच उतरतो. जित्याला मारायचं तर आधी मला मारा."

मग स्वतःच उतरली. काळं पाणी मांडीला लागलं, कातडी भाजली. आपण कातलेली भिंत आपणच फोडत तिनं त्याच्या अडकलेल्या पायाखालची माती काढली. पाळकसाहेब पांढऱ्या झग्यासकट पालथे पडून ड्रायव्हरला काखेत धरून ओढत होते. तो "आई, आई" करत होता. निघाला, पण पाऊल नुसतं लोंबत होतं.

डॉक्टरांनी तिचा जबडा तारेनं बांधला आणि बोलायचं नाही म्हणून बजावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी देवळाला कुलूप. उपासना नाल्याच्या वाटेवर, सगळ्यांच्या हातात फावडी. मास्तर बांधलेल्या मनगटानं, एका हातानं खणत होता, तिच्यासारखी सरळ भिंत कातायच्या नादात. ती तोंडाला पट्टी बांधून आली, पाहिलं आणि त्याच्या भिंतीवर लाथ घातली. माती ढासळली. तिनं तळहात तिरका धरून दाखवला.

"उतार म्हणतेस?" मास्तरानं विचारलं.

तिनं मान डोलावली.

वळणावर टँकरचा हॉर्न वाजला. कोणी डोकं वर केलं नाही. पुन्हा वाजला तो लांबून, परत जाताना.