चारपटीची दुर्बीण

हे मी घरातही कुणाला सांगितलेलं नाही. आमच्या गावात रानडुक्कर मारायची परवानगी असलेले एक काका आहेत. साठी ओलांडली, नजर अधू झाली, तरी बंदुकीवर दुर्बीण चारपटीचीच. "आता नऊपटीची घ्या नं काका," असं मी चिडवलं की उपरण्यानं काच पुसत म्हणायचे, "नऊपटीत डुकराचा केस दिसते बापू, बाजूचं रान नाही दिसत."

एका संध्याकाळी मी काकांना शेतावर बोलावलं होतं, तेव्हा माझ्या तुरीत डुक्कर शिरलं. मी कुजबुजलो, "मारा काका! काहून थांबले?"

त्यांनी चापावरून बोट काढलं. "मांगं लुगडं हलून राह्यलं."

मग मलाही दिसलं. डुकराच्या पलीकडे माझी भावजय गवत कापत होती. तेवढ्यात डुक्कर पळालं.

डुक्कर कसं सुटलं, असं पानठेल्यावर लोकांनी विचारलं, तेव्हा मला माझी घाई कबूल करवेना. मी म्हणालो, "काकाले दिसलंच नाही."

"मंग चष्मा लावा बंदुकीले!" कुणीतरी हसलं. काका शेजारीच उभे होते. ते सुपारी कातरत राहिले.

तेव्हापासून त्यांना कुणी शेतावर बोलवत नाही. त्यांच्यासमोर, चारचौघांत खरं सांगणं माझ्याकडून अजून बाकी आहे.