कर्दळीच्या पानावरचा बेडूक

९ जुलै २०२२ रोजी कुशाबाला बेडूक दाखवल्याबद्दल ८१० रुपये मिळाले. पाहुण्यांनी दिले होते ९००. त्यातले दहा टक्के आमच्या समितीचे. तळेघरच्या आसपासच्या वाड्यांतल्या लोकांना पर्यटकांकडून काही मिळकत व्हावी म्हणून गावातल्या काहींनी ही समिती काढली होती. मी घोडेगावच्या एका पतसंस्थेत हिशेबाचं काम करतो, म्हणून खजिनदारपद माझ्याकडे आलं. माझं गाव निरगुडसर. आमच्याकडे उसाच्या तोडीवर तासन्‌तास बोलतात, बेडकावर कोणी बोलत नाही. म्हणून पैसे हातात देताना मी विचारलं, "कुशाबा, नऊशे रुपयांचं असं दाखवलंस तरी काय?"

"बेडूक," तो म्हणाला. "नखाएवढा. आन् त्यो बी पाठ करून बसला व्हता."

"मग?"

"मग काय, दोन तास पाव्हनं चिखलात पालथं पडलं. म्हनलं, पडू द्या. आमी पडलो तर येडं, त्यांनी पडलं तर फोटोग्राफर."

कुशाबाचं वय पन्नाशीच्या थोडं पुढे. चार खाचरं भाताची आणि उतारावर थोडी नाचणी. त्यावर वर्षाचं भागत नसे, म्हणून आषाढात तो नारायणगावला टोमॅटोच्या तोडणीला जाई. तिथे सकाळी मजूर रस्त्याच्या कडेला उभे राहतात, बागायतदार येऊन माणसं बघतो, हाताने खूण करतो आणि निवडलेली माणसं टेम्पोत चढतात. नेमकी तेव्हाच त्याच्या खाचरांत भाताची आवणी, म्हणजे रोपांची लावणी, असे. ती बायको ठकूबाई एकटी ओढायची. "ह्यो लोकाच्या टोमॅटोत आन् मी आपल्या चिखलात," असं ती येईल त्याला ऐकवायची.

बेडकांनी ते बदललं. भीमाशंकरच्या बाजूच्या दाट जंगलात पावसाळ्यात पुण्या-मुंबईचे कॅमेरेवाले येतात. त्यांना हवे असतात झुडपांच्या पानांवर बसून टिकटिक करणारे इवलेसे बेडूक. कुशाबाला लहानपणापासून खेकडे धरायची सवय, त्यामुळे दिवेलागणीनंतर ओढ्याच्या कडेने चालणं त्याला नवीन नव्हतं. बाकीचं तो पाहुण्यांकडूनच शिकला. माणसाची चाहूल लागली की बेडूक गप्प होतो. मग बॅटरी विझवून, पाऊस अंगावर घेत, नुसतं उभं राहायचं. एक बोलला की दुसरा बोलतो. आवाजाच्या अंगाने डोकं वळवायचं आणि मग पानांच्या खालून हळूच उजेड टाकायचा. कारवीच्या पानावर तो बसलेला असे, गळ्याखाली त्याच्या डोक्याएवढाच फुगा. मी एकदा सोबत गेलो होतो. मला अर्धा तास काहीच दिसलं नाही आणि दिसल्यावर ते बोटाने दाखवूनही पुन्हा हरवलं.

त्या वर्षी आणि पुढच्या वर्षी कुशाबा आवणीला घरी राहिला. सकाळी खाचरात, संध्याकाळी जंगलात. समितीने त्याला वाटाड्याचं ओळखपत्र दिलं, ते तो प्लास्टिकच्या पिशवीत घालून गळ्यात अडकवी. त्या कार्डाशिवाय पाहुणे नेता येत नसत; त्यावरच त्याचं घरी राहणं टिकून होतं, एवढं ध्यानात घेतलं म्हणजे पुढचं कळेल.

येणाऱ्यांत सुदर्शन नावाचा पुण्याचा एक तरुण होता, कॉम्प्युटरच्या कंपनीत नोकरीला. माणूस वागायला वाईट नव्हता. चुलीपाशी बसून नाचणीची भाकरी खाई, ठकूबाईला मावशी म्हणे, येताना तिच्यासाठी चहा-साखर आणी. २०२३च्या जुलैत ओढ्यात त्याचा पाय मुरगळला. दुसऱ्या दिवशी तो पडवीत पाय वर करून बसला, तोंड एवढंसं झालेलं. पाहुणा रिकाम्या हाताने जातो हे कुशाबाला बघवेना. तो एकटाच जंगलात गेला, डब्यात ओलं शेवाळ घालून त्यात एक बेडूक घेऊन आला आणि पडवीपुढच्या कर्दळीच्या पानावर ठेवला.

"घ्या. बसल्या जागी काढा फोटू."

सुदर्शन आधी "अहो दादा, असं करत नाहीत," म्हणाला. मग त्याने फोटो काढले. कुशाबाने त्याच रात्री बेडूक होता त्या झुडपावर परत नेऊन सोडला. पाहुण्याला दारात ताट द्यावं तसं त्याने ते केलं होतं. त्यात नियम मोडतो हे त्याच्या मनातही आलं नाही.

पुढच्या खेपेपासून सुदर्शन पुण्याहूनच फोन करू लागला. "दादा, यायला उशीर होईल. दोन-तीन आणून ठेवा. तो पिवळ्या डोळ्यांचा असला तर बघा." ठकूबाई चिडायची. "बेडूक हाय का पाव्हनचार? उद्या म्हनंल, वाघ आनून बांध दावणीला."

सप्टेंबरातल्या अशाच एका फोटोला जानेवारीत स्पर्धेचं बक्षीस मिळालं. फोटो खूप फिरला. आमच्या समितीच्या अध्यक्षाने, धर्माजीने, तो मोठा करून आपल्या हॉटेलात लावला. महिनाभराने कोणीतरी स्पर्धावाल्यांना लिहिलं, की बेडूक जंगलातला आहे पण पान कर्दळीचं आहे, आणि कर्दळ अंगणात असते. बेडूक उचलून आणलेला आहे. स्पर्धावाल्यांनी सुदर्शनकडे खुलासा मागितला. त्याच्या सांगण्यावरून आणला असेल तर बक्षीस रद्द. त्याला माहीत नसेल तर विचार करू.

सुदर्शनने कुशाबाला घोडेगावला बोलावून घेतलं. वाडीवर फोनला रेंज धड येत नाही आणि त्याला मोबाइलवर बोलणं रेकॉर्ड करून लगेच स्पर्धावाल्यांना पाठवायचं होतं. नंतर ते मी पाहिलं. कुशाबा धुतलेला सदरा घालून, गळ्यात कार्ड अडकवून उभा आहे आणि म्हणतो आहे, "सायबांना काय ठावं न्हवतं. बेडूक मीच आनला. मीच पानावर ठेवला."

हे बोलणं स्पर्धेपुरतं राहील असं त्याला सांगितलं होतं. आठवड्यात ते तालुक्यातल्या प्रत्येक मोबाइलवर आलं. खाली शेरे होते: 'पैशासाठी जंगल विकणारे.' अभयारण्यातला प्राणी उचलणं गुन्हा आहे, हे मग सगळ्यांना एकदम आठवलं.

मार्चमध्ये समितीची बैठक झाली. धर्माजी म्हणाला, "कुशाबा, तुझ्यापायी सगळ्यांची कार्डं जातील. आमी काय बेडूकचोरांची टोळी हाय का?"

मी मध्ये पडलो. "कुशाबा, नीट सांग. तुला आणायला कोणी सांगितलं होतं? फोन आले होते ना?"

त्याने माझ्याकडे पाहिलंच नाही. "कुनी नाय. माजंच डोकं."

"ठकूबाईला बोलवू का? तिनं ऐकलंय."

"तिला कशाला आनता मदी? मी सांगतोय न्हवं?"

मी म्हणालो की वर्षभर समज द्यावी, कार्ड ठेवावं. हात वर झाले तेव्हा माझा एकट्याचा होता. कुशाबाने पिशवीतून कार्ड काढून टेबलावर ठेवलं आणि पिशवी घडी करून खिशात घातली.

बाहेर आल्यावर मी त्याला झाडलं. "खोटं का बोललास? तो तुला पोसणार आहे का?"

"भाऊसाहेब, माज्या घरचं जेवलेला मानूस त्यो. त्याला चारचौघांत उघडं पाडू? आन् म्हनलाय त्यो, मिटलं की पावसात पंदरा जण घिऊन येतो. माज्याकडंच."

"कार्ड नाही तुझ्याकडे. तुझ्याकडे कसा येईल?"

त्याने खिशातली रिकामी पिशवी चाचपली. मग म्हणाला, "त्ये त्याला ठावं असंल."

सुदर्शनचं बक्षीस कायम राहिलं. २०२४च्या जुलैत तो बोलल्याप्रमाणे पंधरा जण घेऊन आलाही. कार्ड असलेला वाटाड्या हवा, म्हणून धर्माजीच्या पुतण्याला बरोबर घेतलं. जेवण धर्माजीच्या हॉटेलात. समितीच्या खात्यात दहा टक्के नियमाने जमा झाले, पावती मीच फाडली. हॉटेलामागे आता कुंड्यांतून जंगलातली कारवी लावली आहे, फोटोतलं पान अंगणातलं वाटू नये म्हणून. एवढंच सगळे शिकले.

त्याच आठवड्यात मी बहिणीकडे बोरी बुद्रुकला निघालो होतो. नारायणगावला सकाळी एसटी थांबली, तर रस्त्याच्या कडेला मजुरांच्या रांगेत कुशाबा, आणि त्याच्या शेजारी ठकूबाई. मी खाली उतरलो.

"दोघंही इथं? मग आवणी?"

"खाचरं वाट्यानं दिली औंदा," कुशाबा म्हणाला.

"ज्याला दिली त्यानं निम्म्यातच लावलं," ठकूबाई म्हणाली. "बाकीच्यात गवात. बेडूक वरडत्यात त्यात. आता कुनी येत नाय फोटू काढाया."

"तू गप."

"का गप? मला मावशी म्हननारा तुमचा त्यो पुण्याचा भाचा वाडीवरनं गाडी घिऊन गेला, दारात थांबला नाय. मी पडवीतच व्हते."

"पाऊस व्हता. दिसली नसशील."

"व्हय, पाऊस व्हता. बेडूक दिसतुया त्याला नखाएवढा, मावशी दिसत नाय."

कुशाबा हसला नाही. एक टेम्पो येऊन थांबला. बागायतदाराने रांगेवरून नजर फिरवली आणि ठकूबाईला खूण केली. तोडणीला बायांचे हात बरे म्हणून. कुशाबाला त्याने वगळलं. ती टेम्पोच्या फळीवर पाय ठेवून थांबली आणि मला म्हणाली, "भाऊसाहेब, तुमी हिशेबाचं मानूस. त्या दिशी ह्यांना घोडेगावला बोलीवलं. परतीची येष्टी गेली, तर जीप केली सोताच्या पैशानं. त्यो म्हनला, दादा, मी देतो. इचारा यांना, दिलं का?"

"किती?" मी विचारलं.

कुशाबा रस्त्याकडे बघत म्हणाला, "जाऊ द्या ना भाऊसाहेब."

"एकशेवीस," ठकूबाईने टेम्पोतून सांगितलं.

परत बसल्यावर मी एसटीतूनच सुदर्शनला फोन लावला. तो म्हणाला, "अरे हो, राहूनच गेलं. पाठवतो लगेच." त्यानंतर मी दोनदा आठवण केली. १२० रुपये अजून येणे आहेत.