एकुलता येशू

वीज जाते, मी मेणबत्ती लावते आणि वितळत्या मेणाच्या वासासरशी भुसावळच्या रेल्वे क्वार्टरमध्ये, शेजारच्या फिलोमिना आंटींच्या घरी पोचते. तेव्हा धाकटा भाऊ नुकताच झाला होता आणि आईची मांडी मला मिळेनाशी झाली होती.

आंटी कॅथलिक. मरियेच्या मूर्तीपुढे मेणबत्ती लावत म्हणाल्या, "ती सदा कुमारीच, बेटा. तिला येशू एकटाच. बायबलात येशूचे भाऊ म्हटलेत, ते चुलतभाऊ."

मी आनंदानं घरी पळाले आणि आईला सांगितलं. आम्ही प्रोटेस्टंट. बाळाला पाजता पाजता आई हसली, "अगं, सख्खेच होते ते! मरियेला नंतर झालेले."

मला येशूची फार कीव आली.

आता आई माझ्याकडेच राहते. भावाचा फोन आला की तिचा चेहरा उजळतो. अशा वेळी आंटींचंच खरं असावं, असं मला आजही वाटतं.