मुठीतली भाकर

परवा रविवारी चर्चमध्ये प्रभुभोजन देताना एका नवख्या मुलीने भाकरीचा तुकडा तोंडात न घालता मुठीत लपवला, आणि विझत्या मेणबत्तीच्या वासासरशी मी माझ्या पहिल्या प्रभुभोजनापाशी जाऊन पोचलो.

आमच्या चर्चचा, म्हणजे अँग्लिकन मंडळीचा इतिहास, उपासनेचा क्रम, सगळं तयारीच्या वर्गात घोकून झालं होतं. तरी हातावर तुकडा पडताच मी तो कपाळाला लावला आणि रुमालात बांधला. प्रसाद घरी आईसाठी न्यायचा, ही लहानपणापासूनची सवय. मी बाप्तिस्मा घेऊन ख्रिस्ती झाल्यापासून आई माझ्याशी बोलत नव्हती, तरीही.

प्रभुभोजन देणारे म्हातारे पाळक वाकून हळूच म्हणाले, "हे इथंच खायचं असतं, बाळा. कोणासाठी नेतोयस?"

"आईसाठी."

"मग संध्याकाळी मीच येतो चहाला."

नाशिक रोडच्या आमच्या दोन खोल्यांत ते खरंच आले. आईने आधण ठेवलं, डबा उघडून पाहिला आणि कित्येक महिन्यांनी माझ्याकडे बघून म्हणाली, "साखर संपलीय. पळ, घेऊन ये."

मी पाळक झालो तो त्या साखरेपायीच, असं आता वाटतं.

परवा त्या मुलीपाशी मीही वाकलो. विचारलं, "घरी कोण असतं गं?"