खंडेनवमीचा लेझर

"कोणी लावली ही उदबत्ती? आधी विझवा ती." शेख मॅडम कंटेनरच्या दारातून ओरडत होत्या. त्या आवाजाने गोदावरीपलीकडच्या म्हशींनी पान्हा चोरला, असं कोपरगावकडे अजून सांगतात. सांगणारा मीच, ही गोष्ट वेगळी.

लावली होती तात्यांनी. त्यांच्याच उसाच्या बांधावर आमचा हवा तपासायचा कंटेनर उभा होता; मी मॅडमचा मदतनीस. खंडेनवमीला तात्यांनी ट्रॅक्टर पूजला, विळे-कोयते पूजले; मग मॅडमचंच यंत्र उपाशी ठेवणं त्यांना बरं वाटेना. त्याला झेंडूची माळ घातली आणि हवा ओढणाऱ्या नळीच्या तोंडाशी उदबत्ती खोवली.

मॅडम मूळच्या नगरच्या. हवेत रॅडिकल नावाची अतिचपळ मंडळी असतात. हवेतली घाण फस्त करता करता स्वतःही संपतात. मॅडम त्यांच्यावर लेझर टाकत, ते क्षणभर चमकत आणि त्या चमकेवरून त्यांची मोजणी होई. "असला पाहुणा, की पाट मांडेपर्यंत गेलेला," असं त्या म्हणत. स्वतः जेवत त्याही उभ्यानेच, नजर पडद्यावर. एकदा पिठलं समजून ग्रीस लावलेली अर्धी भाकरी खाल्ली आणि मीठ कमी आहे म्हणाल्या.

पण एक शंका त्यांना कुरतडत होती. पडद्यावर दिसतात ते रॅडिकल हवेतलेच, की आपल्या लेझरनेच यंत्राच्या पोटात तयार केलेले? हवेतले आधीच मारून, मोजणी खाली येते का ते बघायला लागणारा वायू वाटेत अडकला होता आणि लेझर दुसऱ्या दिवशी पुण्याला परत जायचा होता. "खोटं मोजण्यापेक्षा म्हशी वळलेल्या बऱ्या," असं त्यांचं चाललं होतं.

तात्यांनी उदबत्ती काढली आणि मॅडम ओरडणं सोडून पडद्याकडे धावल्या. त्यांचं ओरडणं थांबलं म्हणजे काहीतरी मोडलं, म्हणून मीही धावलो. पडद्यावरची मोजणीची रेघ धुरात तळाला गेली होती, ती आता वर चढत होती. लेझरने आत बनवलेले असते, तर बाहेरच्या धुराने त्यांचं काय बिघडलं असतं?

"तात्या, परत लावा."

"मगाशी इझवा म्हन्लात."

"चुकलं माझं. हात जोडते, लावा. एकदा घडलेल्याला लोक योगायोग म्हणतात."

तात्यांनी लावली, रेघ पडली. काढली, रेघ चढली. ऊन कलेपर्यंत हाच उद्योग. शेवटी मॅडमचा चेहरा असा फुलला, की शेजारच्या उसाला तुरे आले.

"तात्या, आज काय झालं, कळलं का तुम्हाला?"

तात्या म्हणाले, "व्हय. पुडा संपला."