सीटखालची जागा

माझ्या जुन्या गाडीची सीट बटणावर पुढंमागं होते. परवा ती पार पुढं जाऊन अडकली आणि स्टिअरिंग माझ्या पोटात रुतायला लागलं. दुसऱ्या दिवशी रामाकोन्याहून सासऱ्यांना आणायचं होतं. म्हणून पांढुर्ण्याचा एक मिस्त्री सौसरला घरी बोलावला.

नाव त्यानं सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. आल्याबरोबर त्यानं सीटला कान लावला, बटण दाबलं आणि डॉक्टरसारखे डोळे मिटले.

"मोटर तं चांगली हाय भाऊ. खाली कायतरी अडकून राहिलं."

कसेबसे चार बोल्ट खोलून त्यानं सीट उलटी केली. सीट ज्यांवर सरकते त्या खालच्या पट्ट्यांत संत्र्याच्या वाळक्या साली ठासून भरल्या होत्या. आधीच्या मालकाला शिव्या घालायला मी तोंड उघडलं, तेवढ्यात त्यानं त्यातून एक ओली साल काढून माझ्यापुढं धरली. सकाळचीच होती.

"दिसत नाई म्हनून सीटखालची जागा आपली नसते का भाऊ?"

मी खाली बसून साली वेचायला लागलो.

सीट सुरू झाली. खुशीत मी त्याला बागेतली दोन संत्री दिली. सीटवर ऐसपैस बसून, बटण दाबत, पुढंमागं झुलत त्यानं एक तिथंच सोलून खाल्लं. "आता पाहाचं काम नाई," म्हणाला आणि गेला.

दुसऱ्या दिवशी रामाकोन्याला निघताना मी बटण दाबलं. सीट दोन बोटं सरकली आणि अडकली. हात खाली घातला, तर संत्र्याची ताजी साल.

या वेळी माझी नव्हती.